लंडनचं पत्र : यंत्रावर विश्वास, माणसावर खटला

इथल्या गावातलं पोस्ट म्हणजे पुष्कळदा वाण्याचं दुकानच. पुढे दूध, पाव, वर्तमानपत्रं. कोपऱ्यात काचेमागे टपालाची खिडकी. ती चालवणारा सब-पोस्टमास्तर सरकारी नोकर नव्हे, कंत्राटदार. हिशेबात तूट आली की भरपाई त्याच्याच खिशातून करून घेतली जाई. या धंद्यात भारतीय वंशाची कुटुंबंही बरीच.

१९९९ पासून या खिडक्यांवर फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ संगणकप्रणाली आली आणि नसलेली तूट दाखवू लागली. हॅम्पशरच्या सब-पोस्टमास्तर जो हॅमिल्टन हेल्पलाइन सांगेल तशी बटणं दाबत गेल्या. डोळ्यांदेखत दोन हजार पौंडांची तूट चार हजारांवर गेली. तक्रार करणाऱ्या अनेकांना उत्तर मिळे, असं फक्त तुमच्याकडेच होतंय! इंग्लंडात कोणालाही खासगी फौजदारी खटला भरता येतो. पोस्टाने तो हक्क भरपूर वापरला : तपासही त्यांचा, फिर्यादही त्यांचीच. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. त्यांतल्या सरेमधल्या सीमा मिश्रा २०१० मध्ये तुरुंगात गेल्या, तेव्हा त्या गरोदर होत्या.

न्यायालयांना हे दिसलं कसं नाही? संगणकाचा पुरावा आणणाऱ्याने यंत्र नीट चालत होतं हे दाखवावं, अशी अट १९८४ च्या कायद्यात होती. कटकटीची म्हणून १९९९ साली ती काढून टाकली. तेव्हापासून उलट काही पुढे येईपर्यंत यंत्र बरोबरच धरायचं. पण उलट पुरावा आणायचा कुठून? प्रणालीतल्या दोषांच्या नोंदी फुजित्सूकडे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात दुकानदारीण.

माजी सब-पोस्टमास्तर अ‍ॅलन बेट्स आणि त्यांचे साथीदार, एकूण ५५५ जण, २०१९ साली पोस्टाविरुद्धचा दिवाणी दावा जिंकले. तरी देश खडबडून जागा झाला तो जानेवारी २०२४ मध्ये, त्यांच्यावरची टीव्ही मालिका पाहून. मग मे महिन्यात संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा घाऊक रद्द केल्या. न्यायालयाचे निकाल संसदेने पुसावेत, हे एरवी मला पटलं नसतं. पण एकेक अपील चालवत बसते, तर कित्येकांना हयातीत स्वतःला निर्दोष ठरलेलं बघायला मिळालं नसतं. यंत्र बरोबरच धरण्याच्या गृहीतकाला मात्र त्या कायद्याने हात लावला नाही.

आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. वकीलमंडळी त्यावर वैतागतात. त्यांना इथून एवढीच विनंती : प्रमाणपत्रावर नुसती सही पाहून थांबू नका, प्रणालीच्या चुकांची नोंदही मागा.