उलाळ गाडी आणि मोटारीचा हूक

बैलगाडीत माल भरताना जाणता गाडीवान एक गोष्ट कधी विसरत नाही. पोती चढवून झाली की तो जू हाताने थोडे उचलून पाहतो. मागे भार जास्त झाला असेल तर जू सहज वर येते. अशी गाडी जुंपली की जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, गळ्यातले पट्टे आवळतात आणि चढावर गाडी मागे कलंडते. याला गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणतात. उलट भार पुढे जास्त झाला तर जू मानेवर बसते आणि बैल थकतात. म्हणून गाडीवान शेवटची एक-दोन पोती अशी ठेवतो, की मानेवर थोडा भार राहील, पण थोडाच. तरफेचा नियम त्याला शाळेत शिकवलेला नसतो, तरी तो त्याच्या हाताला ठाऊक असतो.

आता बैलांच्या जागी मोटार आणि जूच्या जागी लोखंडी हूक आहे अशी कल्पना करू. अमेरिकेत अनेक कुटुंबे मोटारीच्या मागे लहान ट्रेलर जोडून त्यातून होडी, घरसामान किंवा बागकामाची यंत्रे नेतात. एसयूव्ही म्हणतात त्या उंच मोटारींना हा हूक कारखान्यातून बसवून आलेला असतोच असे नाही. पुष्कळ लोक तो दुकानातून सुटा आणतात आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी बसवतात. चार-सहा बोल्ट आणि दोन-तीन तासांचे काम. पण या साध्या कामात तरफ, जडत्व, घर्षण आणि स्थितिस्थापकता हे आपल्या पाठ्यपुस्तकातले चार धडे एकत्र येतात. त्यांतला एक जरी विसरला, तरी किंमत रस्त्यावर मोजावी लागते, आणि ती पुष्कळदा दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते.

हूक नुसता ओढत नाही

हूक म्हणजे ओढण्याचे साधन, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो ट्रेलरचा काही भार उचलूनही धरतो. दोन चाकांचा ट्रेलर म्हणजे चाकांच्या आसावर टेकलेली तरफ. तिचे पुढचे टोक हूकाच्या गोळ्यावर बसते. त्या टोकाचा गोळ्यावर खाली पडणारा दाब हा बैलांच्या मानेवरचाच भार होय. अमेरिकेत हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असे सांगितले जाते. युरोपात वेग आणि ट्रेलरची रचना वेगळी असल्याने तो याहून कमी ठेवतात. तो शून्य किंवा उणा मात्र कोठेच चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. भरलेल्या ट्रेलरचे वजन १००० किलोग्रॅम आहे. गोळ्यापासून आसापर्यंतचे अंतर ३ मीटर आहे आणि गोळ्यावरचा भार १०० किलोग्रॅम आहे. आता १५० किलोग्रॅमची एक पेटी, जी आसाच्या १ मीटर पुढे होती, ती आसाच्या १ मीटर मागे सरकवली. पेटी २ मीटर हलली, म्हणून गोळ्यावरचा भार १५० × २ ÷ ३, म्हणजे १०० किलोग्रॅमने कमी झाला. शिल्लक राहिले शून्य! ट्रेलरचे वजन एका ग्रॅमनेही बदलले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसणार नाही. पण गाडी उलाळ होण्याच्या काठावर येऊन ठेपली.

पुढची चाके हलकी का होतात

गोळ्यावरचा भार मोटारीला काय करतो? येथे दुसरी तरफ कामाला लागते. या तरफेचा टेकू म्हणजे मोटारीची मागची चाके. गोळा या टेकूच्या मागे असल्याने तेथे दाब पडला की मोटारीचे नाक वर उचलू पाहते. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर २.७ मीटर आणि मागच्या आसापासून गोळा १.१ मीटर मागे, असे धरू. गोळ्यावर १०० किलोग्रॅम भार असेल तर पुढच्या चाकांवरचा भार १०० × १.१ ÷ २.७, म्हणजे सुमारे ४१ किलोग्रॅमने घटतो आणि मागच्या चाकांवरचा सुमारे १४१ किलोग्रॅमने वाढतो. ठेवले १०० आणि मागच्या चाकांवर वाढले १४१! वरचे ४१ पुढच्या चाकांकडून आले.

मोटार वळते ती पुढच्या चाकांनी. ब्रेकचे बरेचसे कामही तीच करतात. ती हलकी झाली की त्यांची रस्त्यावरची पकड कमी होते. आपल्याकडे गळीत हंगामात ऊस भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढावर पुढची चाके उचलतो, हे अनेकांनी पाहिले असेल. त्यात इंजिनाच्या ओढीचाही वाटा असतो, पण हूकावर पडणारा भार त्यात भरच घालतो. म्हणून हूकावर भार हवा, पण मर्यादेतच. मानेवर थोडा भार, पण थोडाच, हा गाडीवानाचा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

डोलणारा ट्रेलर

बैलगाडी उलाळ झाली तर ती मागे कलंडते. मोटारीमागचा ट्रेलर हूकाला बांधलेला असल्याने तसा कलंडत नाही. पण वेगामुळे येथे दुसराच धोका उभा राहतो. वाऱ्याचा झोत आला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर किंचित बाजूला हलतो. गुरुत्वमध्य आसाच्या पुढे असेल तर टायरांचे घर्षण त्याला पुन्हा रेषेत आणते आणि दोन-तीन झोक्यांत तो स्थिर होतो. गुरुत्वमध्य मागे असेल तर झोका घेणारे जड शेपूट आसाभोवती फिरते आणि ट्रेलरचे पुढचे टोक विरुद्ध बाजूला ढकलते. तो आडवा धक्का हूकावाटे मोटारीच्या मागच्या भागाला बसतो. मोटारीचे तोंड किंचित फिरते, त्यामुळे ट्रेलरला पुढचा झोका अधिक मोठा मिळतो. शिवाय उलाळ ट्रेलर हूक वर उचलत असतो. म्हणजे मागच्या चाकांना पकडीची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच ती हलकी झालेली असतात.

वेग वाढतो तसे झोके विझवण्याचे टायरांचे सामर्थ्य कमी होते. एका विशिष्ट वेगाच्या पुढे झोके विझण्याऐवजी वाढतच जातात. म्हणूनच गावात सरळ चालणारा ट्रेलर महामार्गावर अचानक डोलू लागतो. अशा वेळी सुकाणू सरळ धरून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. वेग वाढवून किंवा सुकाणू उलटसुलट फिरवून ट्रेलर सरळ करू पाहणे म्हणजे झोपाळ्याला आणखी धक्के देणे होय. पण खरा उपाय निघण्यापूर्वीच करायचा असतो, आणि तो म्हणजे पेटी पुढे सरकवणे.

बोल्ट कशाने धरतो

आता हूक मोटारीला धरून राहतो कसा, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी, की बोल्ट खुंटीसारखा आडवा उभा राहून ओढ सोसतो. चांगल्या जोडात तसे होत नाही. बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट आखडू पाहतो म्हणून दोन पत्रे एकमेकांवर दाबले जातात. या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण हूकाला जागेवर धरते.

१२ मिलीमीटर व्यासाचा, डोक्यावर १०.९ असा आकडा असलेला बोल्ट घेऊ. यातला १० हा आकडा सांगतो की पोलादाची ताकद दर चौरस मिलीमीटरला सुमारे १००० न्यूटन आहे. पुढचा ९ सांगतो की त्या ताकदीच्या नऊ-दशांशापर्यंत ताणला तरी तो कायमचा लांबत नाही. हा बोल्ट ११० न्यूटन-मीटर पिळाने आवळला असे समजा. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २२ किलोग्रॅम वजन टांगावे, इतका हा पीळ होतो. कोरड्या बोल्टासाठी वापरतात त्या ढोबळ सूत्राप्रमाणे, पिळाला व्यासाने आणि ०.२ ने भागले की ताण मिळतो. तो सुमारे ४६,००० न्यूटन, म्हणजे साडेचार टनांहून अधिक येतो. ३० मिलीमीटर जाडीचा जोड असेल तर एवढ्या ताणाने बोल्ट जेमतेम ०.०७ मिलीमीटर लांबतो. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढा. त्या केसभर लांबीवर सगळी मदार असते.

असे चार बोल्ट असतील आणि घर्षणाचा गुणांक फक्त ०.१५ धरला, तरी जोड सुमारे २७,००० न्यूटन बलापर्यंत सरकत नाही. आपल्या १००० किलोग्रॅमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील आणि मोटार जोरात थांबवली, तर हूकावर साधारण ५,००० न्यूटन बल येईल. म्हणजे पुरेशी राखीव ताकद आहे. पण बोल्ट सैल राहिला तर दर हिसक्याला जोड सरकतो. मग घर्षण नव्हे, खुद्द बोल्ट मार खातो. वाकणे आणि सरळ होणे हजारो वेळा घडले की त्याला तडा जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो, तसाच प्रकार.

आवळताना हाताच्या अंदाजावर भरवसा का ठेवू नये, याचेही कारण घर्षणात आहे. आपण लावलेल्या पिळाचा सुमारे नऊ-दशांश भाग आट्यांतले आणि डोक्याखालचे घर्षण खाऊन टाकते. ताणासाठी जेमतेम एक-दशांश उरतो. आट्यांना तेल लागले आणि ०.२ चे ०.१५ झाले, तर त्याच पिळाने ताण सुमारे ६१,००० न्यूटन होतो. या बोल्टाची सुरक्षित मर्यादा सुमारे ७०,००० न्यूटन आहे. म्हणजे ती अगदी जवळ येते. म्हणून सूचनापत्रात आटे कोरडे ठेवा असे म्हटले असेल तर कोरडेच ठेवावेत, आणि पीळ मोजणारा टॉर्क पाना वापरावा.

प्रत्यक्ष बसवताना

बहुतेक एसयूव्हींच्या सांगाड्यात हूकासाठी कारखान्यातच भोके ठेवलेली असतात. मोटारीच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेला हूक त्या भोकांवर बसतो. नवी भोके पाडून सांगाडा कमजोर करू नये. भोकांना आतून नट जोडलेले असतील तर त्यांतला गंज आणि माती तारेच्या ब्रशाने साफ करावी. पोकळ नळीत बोल्ट आतून घालायचा असेल तर त्याच्या टोकाला तार गुंडाळून तो भोकातून ओढून घेतात. पायजम्यात नाडी ओवतो तीच युक्ती. सायलेन्सरचा पाइप वाटेत येत असेल तर त्याचे रबरी आधार सोडून तो थोडा खाली घेतात. अर्थात तो थंड झाल्यावरच. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही जाऊ नये. खाली भक्कम घोडे लावावेत. सर्व बोल्ट आधी हाताने लावून मग आळीपाळीने आवळावेत.

एक गैरसमज मात्र पक्का काढून टाकावा. जास्त ताकदीचा हूक बसवला म्हणून मोटारीची ओढण्याची क्षमता वाढत नाही. मोटार, हूक, गोळा आणि ट्रेलर यांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच सगळ्यांची मर्यादा. गोळ्याचा आकारही जुळायला हवा. अमेरिकेत २ इंची, म्हणजे ५०.८ मिलीमीटरचा गोळा सर्रास असतो आणि युरोपात ५० मिलीमीटरचा. फरक एक मिलीमीटरही नाही. म्हणूनच डोळ्यांनी ठरवू नये, गोळ्यावर कोरलेला आकडा वाचावा. आणि हे सर्व करूनही जोड सुटलाच, तर ट्रेलर मोकाट सुटू नये म्हणून दोन साखळ्या ट्रेलरच्या दांडीखाली एकमेकींना छेद देऊन बांधतात. दांडी सुटली तर ती रस्त्यावर न आपटता या झोळीत पडते.

वर्गात करून पाहा

मीटरपट्टीच्या ५५ सेंटिमीटर खुणेखाली पेन्सिल आडवी ठेवा. हा झाला ट्रेलरचा आस. शून्याच्या टोकाला दोऱ्याची कडी बांधून ती स्प्रिंगच्या काट्याला टांगा आणि पट्टी आडवी राहील असे पाहा. हा झाला हूक. आता १०० ग्रॅम वजन ४४ च्या खुणेवर ठेवा. काट्याचा आकडा २० ग्रॅमने वाढेल. तेच वजन ६६ च्या खुणेवर न्या. नेहमीच्या हलक्या लाकडी पट्टीचे शून्याचे टोक वर जाईल आणि दोरा सैल पडेल. पट्टी उलाळ झाली! दोरा नेमका कोणत्या खुणेला सैल पडेल, हे मुलांना आधी गणित करून सांगू द्या आणि मग तपासा.

दुसऱ्या प्रयोगासाठी लांबट भोके असलेल्या लोखंडाच्या दोन पट्ट्या एका नट-बोल्टने जोडा. नट बोटांनी लावून स्प्रिंगच्या काट्याने ओढा. पट्ट्या कोणत्या बलाला सरकतात ते नोंदवा. मग पान्याने पाव वळसा आवळून पुन्हा ओढा. बोल्ट तोच, पट्ट्या त्याच. बदलला तो फक्त ताण.

हे प्रयोग केलेली मुले उद्या कोणत्या देशात कोणती मोटार चालवतील ते आपल्याला ठाऊक नाही. काही जण येथेच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतील. जोडताना त्यांनी भार कोठे आहे हे एकदा पाहिले आणि बोल्ट पिळून तपासला, तर तरफेचा धडा परीक्षेपुरता राहिला नाही असे आपण म्हणू शकू. गाडीवानाने तर तो जू उचलून पाहताना रोजच गिरवला आहे.