टाईमटेबलातली विमानं

टाईमटेबल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना नोटीस बोर्डावरचं सबमिशनचं नाहीतर ओरल्सचं टाईमटेबल आठवतं आणि पोटात गोळा येतो. मला मात्र गेली दोन वर्षं वेगळ्याच टाईमटेबलांचा नाद लागलाय. जुन्या विमान कंपन्या घडीची पत्रकं छापायच्या, त्यांचा. मिळतील तिथून त्यांचे स्कॅन गोळा करतो. रूमवर थट्टा होते, "विमानात कधी बसलास का रे?" नाही बसलो. पण टाईमटेबल वाचायला तिकीट लागत नाही.

विमानांचा इतिहास म्हटला की हार घातलेलं विमान, हसणारे मंत्री आणि फीत कापायची कात्री असा फोटो असतो. वेळापत्रकात असला थाट चालत नाही. अमुक वाजता विमान सुटेल असं एकदा छापलं की त्या वेळेला कुणीतरी बॅग घेऊन येऊन उभा राहणारच. म्हणून त्या चार रकान्यांत कंपनीची खरी ताकद दिसते. इंजिन किती वेगाचं, धावपट्टी कशी, रात्री दिवे आहेत की नाही, पैसा किती, आणि सरकारची मर्जी कुणावर, हे सगळं.

वाचायची पद्धत सोपी आहे. उभ्या रकान्यात एकेक उड्डाण, आडव्या ओळीत गावं, येण्याची वेळ आणि सुटण्याची वेळ. वारांऐवजी आकडे असतात, सोमवार म्हणजे १ आणि रविवार ७. वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक. यातही एक गंमत आहे. मुंबई महापालिकेची घड्याळं स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं 'मुंबई टाईम' दाखवत होती आणि तो भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता. म्हणजे घड्याळ बघून निघालेला मुंबईकर विमानतळावर पोचायचा तेव्हा विमान गेलेलं असायची पूर्ण सोय होती.

सुरुवात १५ ऑक्टोबर १९३२ पासून करू. लंडनहून इम्पिरियल एअरवेजच्या विमानाने टपाल कराचीपर्यंत यायचं. तिथून ते पुढे न्यायचं काम टाटांनी घेतलं. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा स्वतः एक इंजिनाचं पस मॉथ विमान घेऊन सकाळी साडेसहाच्या सुमाराला कराचीहून निघाले, अहमदाबादला उतरून पेट्रोल भरलं आणि दुपारी दोनच्या आत जुहूला पोचले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूपासून पुढे नेव्हिल विन्सेंट नावाच्या वैमानिकाने ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. बेल्लारीला रात्रीचा मुक्काम. का? तर रात्री विमान चालवायला लागणारी साधनं वाटेत कुठेच नव्हती. अंधार पडला की विमान खाली. आपल्याकडे गावात रात्री येऊन झोपणारी आणि पहाटे सुटणारी वस्तीची एसटी असते ना, तसं हे वस्तीचं विमान.

पावसाळ्यात आणखी मजा. जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठची चिखलाची जमीन, जूनमध्ये ती पाण्याखाली जायची. मग सगळी कंपनीच (म्हणजे दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक) गाशा गुंडाळून पुण्याला जायची आणि येरवडा जेलच्या शेजारच्या मैदानावरून कारभार चालायचा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की आपण कपाळाला हात लावतो. डोंगर तोच, पाऊस तोच. फरक एवढाच, की गाडीला वेग कमी करता येतो, पस मॉथला सह्याद्रीवरच्या ढगात तेवढीही मुभा नव्हती. तरीसुद्धा पहिल्या वर्षाची वक्तशीरता सरकारच्या विमान खात्याने शंभर टक्के नोंदवली. त्या वर्षात प्रवासी फक्त १५५. धंदा होता टपालाचा, माणूस म्हणजे जादा पार्सल.

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकन लष्कराची डकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली. ज्याच्याकडे भांडवल होतं त्याने कंपनी काढली. दहाहून अधिक कंपन्यांना परवाने मिळाले. टाटा एअरलाईन्सची १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही कंपनी सिंदिया स्टीमकडे होती, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांच्या बोटी चालायच्या त्याच घरातली. बंदरांचं वेळापत्रक करणाऱ्यांनीच विमानांचं केलं. या काळातल्या कंपन्यांचे मार्ग शेजारी ठेवून पाहिले तर दिसतं की मोठ्या शहरांच्या मार्गांवर गर्दी आणि बाकी नकाशा कोरडा. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने १९५० मध्ये तेच सांगितलं, की देशाला परवडतील त्यापेक्षा कंपन्या जास्त आहेत.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या वेळापत्रकाकडे येतो. ते आहे नागपूरचं.

३० जानेवारी १९४९ ला रात्रीची विमान टपालसेवा सुरू झाली. कल्पना तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान सुटायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर भेटायची. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं परत फिरायची. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. त्याच वर्षी विमानाचा जादा आकार न घेता पत्रं विमानाने न्यायलाही सुरुवात झाली.

यात इंजिनिअरिंगचा फंडा काय तो बघा. चार शहरं थेट जोडायची तर प्रत्येकाकडून बाकीच्या तिघांकडे, म्हणजे १२ उड्डाणं लागतात. मध्ये नागपूर घातलं की चार यायची, चार जायची, आठात काम संपलं. शहरं दहा केली तर ९० विरुद्ध २० असा हिशोब होतो. आपल्याला हे नवीन नाही. हातखंब्याच्या तिठ्यावर रोज तेच चालतं. मुंबईकडची गाडी, गोव्याकडची गाडी, रत्नागिरीची आणि पाली-साखरप्यावरून कोल्हापूरची. प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला थेट गाडी सोडायची तर एसटीचं दिवाळं निघेल, त्यापेक्षा तिठ्यावर उतरा आणि बदला. नागपूर हा विमानांचा तिठा होता. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिसला रात्री सगळी विमानं जमवून पार्सलं बदलायला सुरुवात केली ती १९७३ मध्ये. मॅनेजमेंटच्या पुस्तकात उदाहरण त्यांचं येतं. नागपूर २४ वर्षं आधीचं आहे.

डकोटाचा वेग ताशी साधारण २७० किलोमीटर धरला तर नागपूरला यायला मुंबईहून अडीच तास, दिल्लीहून तीनच्या वर, मद्रासहून जवळपास साडेतीन आणि कलकत्त्याहून साडेतीनच्या पुढे लागतात. हे माझं गणित, सरळ रेषेतल्या अंतरावरून केलेलं. म्हणजे सगळ्यांना एका वेळी नागपुरात आणायचं तर कलकत्त्याचं विमान मुंबईच्या आधी तासभर सुटायला हवं. आणि तिठ्याची जी अडचण तीच इथेही, एक लेट झालं की चारही लेट. कोल्हापूरची गाडी आली नाही म्हणून रत्नागिरीची गाडी थांबवून ठेवणारा कंट्रोलर मी तरी पाहिलेला नाही. नागपूरला मात्र थांबावंच लागायचं, कारण पिशव्या बदलल्या नाहीत तर यायचा उपयोग काय?

या योजनेला जे. आर. डी. टाटांचा विरोध होता. जमिनीवर पुरेशी साधनं नसताना रात्रीची उड्डाणं करू नयेत आणि खर्चाचं गणितही जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सेवा सुरू करणारी इंडियन ओव्हरसीज एअरलाईन्स लवकरच बंद पडली, नंतर हिमालयन एव्हिएशनने ती चालवली. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून रात्री निघालेलं एक डकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलं. १३ जण गेले, वाचला तो फक्त वैमानिक. माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या होत्या. कल्पना काळाच्या पुढे होती आणि धावपट्ट्या काळाच्या मागे. तरीही ही सेवा सत्तरच्या दशकापर्यंत चालली.

१ ऑगस्ट १९५३ ला सरकारने सगळ्या कंपन्या ताब्यात घेतल्या. देशातल्या सेवा चालवणाऱ्या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाईन्स झाली आणि परदेशी मार्ग एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेले. आठ पत्रकांचं एक पत्रक. यामागचा कायदा मी लायब्ररीत बसून वाचला आणि व्याख्येवर अडकलो. सरकारी महामंडळांशिवाय कुणीही 'शेड्यूल्ड' सेवा चालवायची नाही असं त्यात आहे. मग शेड्यूल्ड म्हणजे काय? ठरलेल्या त्याच ठिकाणांमध्ये, प्रसिद्ध केलेल्या टाईमटेबलप्रमाणे, किंवा टाईमटेबल असल्यासारखी नियमित, आणि कुणालाही बसता येईल अशी सेवा. म्हणजे सरकारने मक्तेदारी घेतली ती विमानांची नव्हे. विमान तुम्ही बाळगू शकत होता, भाड्याने उडवू शकत होता. मक्तेदारी होती टाईमटेबलची!

इंडियन एअरलाईन्सला वारशात आली ती ७४ डकोटा. पुढच्या वीसेक वर्षांत विमानांच्या नावांचा रकाना बदलत जातो. १९५७ ला व्हायकाऊंट, १९६१ ला फोकर, १९६४ ला कॅरावेल हे पहिलं जेट आणि सत्तरीच्या सुरुवातीला बोईंग ७३७. डकोटाला मुंबई-दिल्ली थेट नेलं तरी चार तासांच्या वर लागतील, कॅरावेलने ते अंतर दोन तासांच्या आसपास आणलं. नंतर काय झालं सांगा? काही नाही. आजही मुंबई-दिल्लीला सव्वादोन तासांच्या आसपास वेळ लिहिलेली असते. विमानाला हवेत एवढा वेळ लागत नाही. धावपट्टीसाठी रांग, आकाशात घिरट्या आणि 'ऑन टाईम'चा आकडा चांगला दिसावा म्हणून घातलेली दहापंधरा मिनिटं त्यात धरलेली असतात. साठ वर्षांत इंजिनं सुधारली, टाईमटेबल जागच्या जागी.

परदेशी पत्रकं दिसायला जास्त देखणी, महाराजाचं चित्र वगैरे. ८ जून १९४८ ला मुंबई-लंडन सेवा कैरो-जिनिव्हामार्गे सुरू झाली तेव्हा आठवड्याला एकच फेरी होती. १९६० मध्ये बोईंग ७०७ आलं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क जोडलं गेलं. त्यावर कौतुकाची पुस्तकं भरपूर आहेत, मी थांबतो.

कारण गंमत पुढे आहे. १९९० नंतर सरकारला खासगी विमानं हवी होती, पण १९५३ चा कायदा जिवंत होता. मग वाट निघाली 'एअर टॅक्सी'ची. टॅक्सी म्हणजे बोलावली की येणारी, तिला वेळापत्रक नसतं. १९९२ मध्ये ईस्ट-वेस्ट आली, १९९३ मध्ये जेट, दमानिया, मोदीलुफ्त. विमान रोजचं, मार्ग ठरलेला, तिकीट सगळ्यांना, फक्त टाईमटेबल प्रसिद्ध करायला बंदी! म्हणजे रोज ठरल्या वेळी उडायचं, पण ती वेळ छापायची नाही. वडाप जीप आठवली की नाही? माझ्या संग्रहात त्या दोनेक वर्षांची जागा रिकामी आहे आणि ती रिकामीच बरोबर आहे. मार्च १९९४ मध्ये जुना कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना शेड्यूल्ड दर्जा मिळू लागला आणि टाईमटेबल छापायचा हक्कही.

तो हक्क आता कुणाला नकोय. इंडियन एअरलाईन्स २००७ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, जेट एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे गेली. या सगळ्यात घडीचं पत्रक कधी संपलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकं सरकारकडून मंजूर होतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, पण प्रवाशाच्या हातात येतो तो मोबाईलचा स्क्रीन. रद्द झालेलं उड्डाण तिथून पुसलं जातं. कागदावर खाडाखोड तरी दिसायची. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम आले असताना इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि सरकारला कंपनीचं वेळापत्रकच कापावं लागलं. वैमानिक पुरेसे नसताना वेळा जाहीर केल्या की काय होतं, त्याचा तो नमुना. हे चाळीस वर्षांनी कुणाला वाचायचं झालं तर तो काय उघडून बघणार?

राहिलं आपलं रत्नागिरी. इथली धावपट्टी तटरक्षक दल वापरतं. खाली सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. मुंबईची एसटी आणि कोकणकन्या ही आपली वेळापत्रकं, आणि त्याआधी बोटीची. घरी माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, पोथीच्या बासनात बोटीचं, एसटीचं किंवा विमानाचं छापील टाईमटेबल सापडलं तर रद्दीत घालू नका. मॅगझिन कमिटीकडे द्या, मी स्कॅन करून त्याच दिवशी परत करीन. फाटलेलं असलं तरी चालेल, फक्त तारीख असलेलं पान हवं.