विहिरीचा तळ दिसतो तेव्हा

चैत्र-वैशाखात विहीर तळ गाठू लागली, की शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो. पाऊस लांबलेला, सोसायटीचं कर्ज थकलेलं, दावणीला जनावरं उपाशी. 'आता काय राह्यलं?' हा प्रश्न ज्याच्या मनात कधीच आला नाही असा कोरडवाहू शेतकरी विरळाच. सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका बाईपुढे उभा होता, आणि तिच्या पदरी दोन-चार नव्हे, एकोणीसशेच्या आसपास माणसं होती. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. ठिकाण केडगाव; नगरजवळचं नव्हे, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं, दौंड तालुक्यातलं.

रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकात वाचला नव्हता, तो अंगावर काढला होता. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात हे कुटुंब सापडलं. दागिने गेले, भांडीकुंडी गेली, रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. भीक मागायची लाज आणि अंगमेहनतीचं काम कुणी शिकवलेलं नाही, अशी कोंडी. शेवटी म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा 'मी मजुरी करतो' म्हणून मुलाने त्यांना थांबवलं. पण उपासमारीने वडील, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलायला माणसं पुरेनात. रमाबाईंनी एक बाजू धरली आणि उंची कमी म्हणून तो भार डोक्यावर घेतला. पुढे १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पटकीने पती गेले. पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी होती, मनोरमा.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यावरून इकडे मोठं वादळ उठलं. १८८९ साली त्यांनी विधवा व निराधार मुलींसाठी मुंबईत 'शारदा सदन' काढलं. ते नंतर पुण्यात आलं. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या वादातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाजूला झाले. तो वाद इथे उकरून काढायचा नाही. एवढ्या आघातांनंतर ही बाई उभी कशी राहिली, हे मात्र पाहण्यासारखं आहे. त्यांनी स्वतःच लिहिलं आहे, की दीक्षा घेतल्यावर बरीच वर्षं आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. देव आपल्याला जवळचा आहे, टाकून देणारा नाही, हा भरवसा १८९१ च्या सुमारास मनात रुजला आणि पुढे तोच त्यांचा आधार झाला.

हाताला काम, मनाला आधार

अमेरिकेतल्या मंडळाने शारदा सदनाला दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं. ती मुदत संपल्यावर पुढे काय, म्हणून रमाबाईंनी केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. फळझाडं लावली, विहिरी खणल्या. संस्थेने आपल्या मातीवर उभं राहावं, हा हिशेब.

बाग हाती येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. हाती पैसा नव्हता, तरी बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. तिथल्या मदत-छावण्यांत एकट्या मुलींची अब्रू सुरक्षित नाही, हेही त्यांनी निर्भीडपणे लिहिलं. धान्य वाटलं म्हणजे मदत झाली असं नाही, हे आजच्या सरकारी माणसांनीही ध्यानात ठेवावं. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या मोकळ्या रानात राहुट्या पडल्या. तेच पुढे 'मुक्ती सदन' झालं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलीही आल्या.

इथे मुली शेती, विणकाम, शिवण, छपाई असं काही ना काही शिकल्या. आपल्या घराचा घात दुष्काळाइतकाच रिकाम्या हातांनी केला, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असली ही श्रद्धा नव्हती. पहाटे प्रार्थना, दिवसभर काम.

टंचाईत दोन मोठ्या विहिरी कोरड्या पडल्या आणि उरलेल्या दोघींत जेमतेम पाणी राहिलं. माणसं एकोणीसशेच्या घरात, जनावरं शंभरावर, शिवाय बांधकाम चालू. रोज सांजच्याला विहिरीचा तळ दिसायचा, उद्याचं कसं होणार ही धास्ती वाटायची. सकाळी पाहावं तर पुन्हा पाणी आलेलं. ते कुठून येतं हे मला ठाऊक नाही, अशा अर्थाचं रमाबाईंनी लिहिलं आहे. जाणकार म्हणेल, रात्रभरात झरे पाझरले. बाईंनी ती देवाची देणगी मानली. दोन्हीत भांडण नाही. ख्रिस्ती लोकांच्या मुख्य प्रार्थनेत मागणं असतं ते आजच्या भाकरीचं, वर्षाच्या कोठाराचं नव्हे. आजचा दिवस निभला, उद्याचं उद्या पाहू, ही ती आशा.

दुःख मात्र संपलं नाही. १९२१ साली मनोरमाही गेली. त्याही स्थितीत रमाबाईंनी बायबलाच्या सोप्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते भाषांतर १९२४ साली मुक्ती सदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. संस्था आजही केडगावात चालू आहे.

कुणाचा देव कोणता, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण 'मी मजुरी करतो' म्हणून बापाचा हात धरणारा मुलगा आणि पुढे हजारोंचा हात धरणारी त्याची बहीण, हे दोघं प्रत्येक गावाला हवे आहेत. ज्याच्या विहिरीने तळ गाठला आहे, त्याच्या ओट्यावर आज संध्याकाळी शेजाऱ्याने, सरपंचाने, तलाठ्याने जाऊन बसावं. कर्जाचं, पाण्याचं बोलावं. आणि ज्याचं मन तळाला गेलंय त्याने तोंड मिटून बसू नये, बोलावं. पाझर फुटायला रात्र जाते. तेवढी रात्र एकट्याने काढू नये.