किराणा दुकानात कोणत्या विभागाचे काम धरावे?

उद्यमबाग म्हटले की बेळगावकरांच्या डोळ्यांपुढे ओतशाळा आणि यंत्रशाळा उभ्या राहतात. परंतु जेथे इतके कामगार पाळीपाळीने राबतात, तेथे त्यांच्या महिन्याच्या बाजाराची तजवीज करणारी दुकानेही ओघानेच येतात. पूर्वी पेठेतील पेढीवर मुलगा कामास लागला म्हणजे विभाग निवडण्याचा प्रश्न त्याला पडत नसे. झाडलोट, पुड्या बांधणे, तोलणे आणि पुष्कळ काळाने गल्ला, हा क्रम ठरलेला असे. आता मोठ्या दुकानांतून पहिल्याच दिवशी विचारणा होते : धान्याकडे जाणार, मसाल्याकडे, साबण-तेलाकडे, गोदामात, की बिलाच्या टेबलावर?

बहुतेक मुले-मुली बिलाचे टेबल मागतात. ते स्वाभाविकच आहे. काम स्वच्छ, डोक्यावर पंखा आणि अंगाला पिठाचा कण लागावयाचा नाही. परंतु तेथे शिकावयास काय मिळते, हेही पाहिले पाहिजे. वेष्टनावरील काळ्या पट्ट्यांची खूण यंत्र वाचते आणि भाव यंत्रालाच ठाऊक असतो. 22 सप्टेंबर 2025 रोजी साबण, केशतेल, टूथपेस्ट यांवरील वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तो बदल यंत्रात भरला गेला की टेबलावरच्या माणसास त्यातले काही कळण्याची गरज उरत नाही. उलट जोखीम मात्र त्याच्या माथी येते. संध्याकाळी रोकड कमी भरली तर ती पगारातून वळती करून घेण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून हे काम ज्यास धरावयाचेच असेल, त्याने बसण्यापूर्वी गल्ल्यातील सुटे पैसे दुसऱ्यासमक्ष मोजून घ्यावेत आणि उठतानाही तसेच मोजून द्यावेत. यात कोणाचा अविश्वास नाही. हिशेबाची ती पहिली पायरी आहे.

आमच्या मते नवख्याने प्रथम सुट्या धान्याचा विभाग मागून घ्यावा. तेथे यंत्र फारसे उपयोगी पडत नाही. हात, नाक आणि दात कामी येतात. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि आत ऊब लागली तर माल दमट आहे किंवा त्यास कीड लागली आहे, असे समजावे. कोरडा दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो, ओला दाणा चेपतो. सोंडे पडलेल्या तांदळाला पिठूळ वास येतो. जुना तांदूळ पाणी अधिक पितो व मोकळा शिजतो, नवा चिकटतो. कोणत्या घरास कोणता द्यावयाचा, हे विचारूनच द्यावे लागते. तूरडाळीत लाखेची डाळ मिसळली असेल तर तिचा पाचरीसारखा कोनदार दाणा डोळ्यांस ओळखता आला पाहिजे. ही लाख दीर्घकाळ खाल्ल्यास पाय लुळे पडतात. येथे डोळा चुकला तर नुकसान दुकानाचे होतेच, पण ते गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत जाऊन पोहोचते.

मसाल्याचा विभाग याच जातीचा, किंबहुना अधिक कसाचा. आपल्या सीमाभागात दोन मिरच्यांचा भेद न जाणणारा विक्रेता गिऱ्हाइकापुढे तीन मिनिटेही टिकत नाही. ब्याडगी सुरकुतलेली, गडद तांबडी, रंगास थोर आणि तिखटपणास सौम्य. 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. संकेश्वरी लांब, सडपातळ आणि जिभेला झोंबणारी. मात्र ज्यास दमा आहे किंवा ज्याचे डोळे नाजूक आहेत, त्याने या विभागाच्या वाटेस जाऊ नये. मिरचीची धूळ कोणाची भीडमुर्वत धरीत नाही.

साबण, बिस्किटे, पाकीटबंद माल यांविषयी फार लिहावयाचे कारण नाही. मांडणी नीटनेटकी ठेवावी आणि ज्या मालाची मुदत आधी संपते तो पुढे ओढावा. वेष्टनावर निव्वळ वजन, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि बांधणाऱ्याचे नाव-पत्ता आहे की नाही, एवढे पाहिले की झाले.

गोदामाकडे लोक नाक मुरडतात. साखरेचे पोते 50 किलोंचे असते आणि पाठीचे दुखणे असलेल्याने ते उचलण्याच्या फंदात पडू नये, हे खरेच. पण व्यापार कसा चालतो, हे गोदामातच समजते. माल कोणाकडून आला, बारदानाचे वजन वजा जाता किती भरला, पावसाळ्यात गूळ पाघळून किती घट आली, या गोष्टी चलनावरील आकड्यांवरून हळूहळू उमगतात. 18 जुलै 2022 पासून 25 किलोंपर्यंतच्या पाकीटबंद, नाव-चिठ्ठी लावलेल्या धान्यावर 5 टक्के कर बसला आणि सुट्या धान्यावर बसला नाही. एकाच तांदळाचे दोन हिशेब का होतात, हे गोदामातला मुलगा बिलाच्या टेबलावरच्या मुलाआधी सांगेल. पुढे स्वतःचे छोटे दुकान घालण्याची ज्याची मनीषा आहे, त्याने धान्यानंतरचे सहा महिने येथे काढावेत.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. येथे एक गिऱ्हाईक तांदूळ मागते, दुसरे अक्की; एकाला गूळ हवा, दुसऱ्याला बेल्ल; तूर म्हणजे तोगरी, हरभरा म्हणजे कडले, मीठ म्हणजे उप्पू. सुट्या मालाच्या विभागात या दोन्ही बोली दिवसभर कानांवर पडतात आणि महिन्या-दोन महिन्यांत जिभेवर बसतात. पाकीटबंद मालाकडे गिऱ्हाईक आपण होऊन हात घालते, बोलण्याचा प्रसंगच येत नाही. शाळेत जी भाषा आली नाही ती येथे विनामूल्य मिळते, आणि उद्या दुसऱ्या दुकानात पगार ठरविताना तिचा भाव होतो.

दुकानमालकांसही एक विनंती. नव्या माणसास एकाच विभागात जखडून ठेवले तर तो आजारी पडताच तो विभाग उघडा पडतो. दर तीन-चार महिन्यांनी जागा बदलून द्यावी. मुलींस केवळ बिलाचे टेबल, हा रिवाजही सोडावा, कारण डाळीची पारख घरात बहुधा त्यांच्याच हाती असते. पहिल्या दिवशी मुलाखतीस बसलेल्याने विभागाबरोबर दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात : तुटीचा हिशेब कसा होतो, आणि पगाराच्या आठवड्यात, पाळ्या सुटल्यावर गर्दी उसळते तेव्हा, दुकान किती वाजता बंद होते. पिरनवाडी-मच्छेकडे परतणाऱ्यास रात्रीची बस धरावयाची असते.