माघ, शके 1751

गेली दोन-तीन वर्षं महाराष्ट्रात जुन्या कागदांना मोल आलं आहे. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. तहसील कचेऱ्यांमधली कोतवाल बुकं, खासरा पत्रकं, मोडीतले दस्त फडताळांतून बाहेर निघाले. पण नोंद सापडली म्हणजे काम संपत नाही. नोंदीतला माणूस आपलाच खापरपणजा, हे कशावरून? या ‘कशावरून’चं उत्तर माणसं कसं शोधतात ते पाहायचं मनात होतं, म्हणून पुण्यातल्या एका कुलमंडळाच्या खोलीत जाऊन बसलो. घराण्याचा जुना कुलवृत्तांत नव्याने छापायचं काम तिथे चाललं आहे.

आलेली माहितीपत्रकं फायलीला लागतात, नावं संगणकावर चढतात, प्रत्येक नावाला क्रमांक पडतो. हे काम दोन तरुण मुलं भराभर करतात. खरी गाडी अडते ती खिडकीजवळच्या टेबलाशी. तिथे ताई बसतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या मोडी शिकल्या. त्यांच्यासमोर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वहीतल्या एका पानाची छायाप्रत होती. तीर्थाला आलेल्या यजमानाने स्वतःचं, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव आणि गाव आपल्या हाताने लिहून सही करायची, ही तिथली जुनी रीत. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी नेमकी वही काढतात. वंशावळ शोधणाऱ्याला याहून जवळचा पुरावा क्वचितच मिळतो, कारण तो माणूस स्वतः बोलत असतो.

पानावर लिहिलं होतं : विनायक रामचंद्र, माघ, शके 1751. आजाचं नाव होतं तो कोपरा फाटून गेलेला.

छापील वृत्तांतात या नोंदीचं साल 1829 दिलं आहे. शकात 78 मिळवले की इसवी सन, हा हिशेब शाळेत सगळेच शिकतात. ताईंनी पेन्सिलीने शेजारी 1830 लिहिलं. “माघ आहे ना? मग 79,” त्या म्हणाल्या. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. चैत्रापासून डिसेंबरअखेर 78 मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79.

एका वर्षाने काय बिघडतं, असं मला वाटलं. ताईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. इनामाच्या चौकशीचा इंग्रजी अमदानीतला कागद, त्यात विनायक रामचंद्र नोव्हेंबर 1829 मध्ये वारल्याचं नमूद. 78 धरले तर हा गृहस्थ वर्षाच्या सुरुवातीला त्र्यंबकला जाऊन आला आणि पुढे वारला, सगळं सुरळीत बसतं. 79 धरले तर नोंद लिहिणारा विनायक वेगळा ठरतो, कारण पहिल्याला जाऊन दोन-तीन महिने झालेले आहेत. छापील वंशवृक्षात मात्र दोघांचा एकच माणूस झाला आहे आणि त्याच्यापासून खाली एक अख्खी शाखा लोंबते आहे.

आपल्याकडे हे पुन्हा पुन्हा घडतं, कारण आजाचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत. पेशव्यांच्याच घरात दोन बाजीराव आणि दोन बाळाजी आहेत. त्यांच्यामागे इतिहास उभा आहे म्हणून गल्लत होत नाही. कोकणातल्या एखाद्या खोताच्या घरी रामचंद्र-विनायक-रामचंद्र-विनायक अशी साखळी असली की एक पिढी सहज गळते, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जातो. त्यात दत्तक गेलेला मुलगा बापाचं नाव बदलतो. लग्नात बायकांचं नावही बदलतं, माहेर मागे पडतं. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर तर साल अरबी शब्दांत येतं. ‘खमस अशर मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन 1115, आणि हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणजे 1714 च्या जूनपासून पुढचं.

ताईंची एक जाड वही आहे. प्रत्येक नावापुढे कागद कोणता, तो कुठे ठेवलेला आहे, कुणी वाचला, कधी वाचला. तोंडी माहिती असेल तर सांगणाऱ्याचं नाव, वय आणि तारीख. एखादा शब्द लागला नाही तर जागा कोरी सोडतात, अंदाजाने भरत नाहीत. “मोडीत शब्द सुटे नसतात. डोळ्यांना हवं ते दिसायला लागतं,” असं त्या म्हणाल्या आणि भिंग उचलून पुन्हा त्या फाटक्या कोपऱ्याकडे वळल्या.

त्या शाखेतले एक गृहस्थ मी असतानाच आले. पन्नाशीचे, मृदू बोलणारे. छापील वृत्तांताप्रमाणे त्यांचं घर पेशवाईतल्या एका मानकऱ्यापर्यंत पोचतं आणि आजोबांनी ते त्यांना लहानपणापासून सांगितलेलं. “इतकी वर्षं छापलेलं आहे की हो,” ते म्हणाले. ताईंनी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले, 79 चा हिशेब समजावला, आणि नव्या आवृत्तीत दोन विनायकांमध्ये तुटक रेघ येईल, तळटीपेत दोन्ही पुरावे दिले जातील, असं सांगितलं. नातं नाही असं त्या म्हणत नव्हत्या. ते अजून सिद्ध झालेलं नाही, एवढंच. गृहस्थ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. त्यांचं वाईट वाटलं, पण बाजू मी ताईंची घेईन. ‘आमच्याकडे असं सांगतात’ एवढ्या आधारावर ओढलेली सरळ रेघ पुढच्या आवृत्तीत पुरावा म्हणून उद्धृत होते, मग कुणी मूळ कागद मागतच नाही. जुन्या वृत्तांतकारांनी कागद पाहिले असतील, पण कोणते पाहिले ते लिहून ठेवलं नाही. म्हणून आज ताईंना त्यांचं सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं आहे.

तुमच्या घरी कुणी वंशावळ करत असेल तर त्यांना कागदाचा फोटो नुसता पाठवू नका. तो कुठल्या वहीतला, कुठल्या पानावरचा आणि कुणाच्या ताब्यात आहे, तेही लिहून पाठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचाराल तेव्हा त्या दिवशीची तारीख टाका. आणि त्र्यंबकेश्वरला गेलात आणि गुरुजींनी वही पुढे केली, तर मुलींची आणि सुनांची नावं माहेरच्या आडनावांसकट लिहा.