कझवीनचा रफी आणि अंगण नसलेली मशीद

मैंदर्गीच्या जुन्या घरात वाढलेल्या माणसाला छपराची धास्ती असते. माळवदाचं घर उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार वगैरे सगळं खरं. पण मृगाच्या आधी वर चढून पांढऱ्या मातीचा थर द्यायचं राहून गेलं, की पावसाच्या पहिल्या झोडीला घरभर पातेली मांडायची. भिंती पिढ्यान् पिढ्या उभ्या राहतात, छप्पर मात्र दर साल काहीतरी मागतं. त्यामुळे असेल, जुनी इमारत पाहताना माझी नजर आधी वर जाते. नक्षी, शिलालेख, कोण राजा, कोण राणी, हे सगळं नंतर.

या खोडीपायी मी कलबुर्गीच्या किल्ल्यातल्या जामी मशिदीत अडकलो, तो अजून सुटलेलो नाही. दुधनीला पॅसेंजर धरली की गाणगापूर रोडला दत्तभक्त उतरतात, गाडी निम्मी रिकामी होते, आणि उरलेले कलबुर्गीला बाजारासाठी, दवाखान्यासाठी नाहीतर बंदेनवाजांच्या दर्ग्यासाठी जातात. १९६७ साली महाजन आयोगाने आमचा अख्खा अक्कलकोट तालुका म्हैसूर राज्याला द्यावा असं सुचवलं आणि महाराष्ट्राने ते फेटाळलं. त्या वादात मला रस नाही. सोयरिकी दोन्हीकडे होत्या, अजून आहेत. शहराचं नाव २०१४ पासून सरकारी कागदावर कलबुर्गी झालं. आमच्या घरात म्हाताऱ्यांसाठी ते गुलबर्गाच राहिलं.

बहमनी राज्याची शाळेतली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: १३४७ साली दौलताबादेत राज्यारोहण, मग राजधानी गुलबर्ग्याला, पुढे पंधराव्या शतकात बिदरला. मधल्या पाऊणशे वर्षांत गुलबर्ग्यात जे बांधलं गेलं त्यातली ही सर्वांत विलक्षण इमारत. २१६ फूट लांब, १७६ फूट रुंद, म्हणजे जवळजवळ ३८,००० चौरस फूट, आणि हे सगळं छपराखाली. मशिदीला अंगण असतं, मधे हौद असतो, एका अंगाला नमाजाचं दालन असतं. इथे अंगणच नाही. जेम्स फर्ग्युसनने १८७६ च्या आपल्या ग्रंथात याच गोष्टीवर बोट ठेवलं: हिंदुस्थानातल्या मोठ्या मशिदींत ही एकच संपूर्ण झाकलेली, आणि उजेड येतो तो तिन्ही बाजूंच्या उघड्या कमानींतून. पश्चिमेची भिंत तेवढी सलग. फर्ग्युसनबरोबर विजापूरवर पुस्तक करणारा मेडोज टेलर काही काळ आमच्या शेजारच्या नळदुर्ग जिल्ह्याचा अंमलदार होता. या गोऱ्या मंडळींनी मोजमापं घेतली नसती तर आज आपण नुसते 'भव्य' आणि 'दिव्य' असे शब्द वापरत बसलो असतो, हे मान्य करावंच लागतं.

आत शिरलं की पहिल्यांदा चकवतात त्या कडेच्या पडव्या. उत्तर, पूर्व आणि दक्षिण या तिन्ही अंगांना रुंद ओवऱ्या आहेत. त्यांच्या कमानी इतक्या खालून सुटतात, की माणसाच्या उंचीच्या आसपासच वळायला लागतात आणि मग ऐसपैस पसरून पलीकडे उतरतात. खांब असे जाणवतच नाहीत, जमिनीतून नुसती कमान उगवल्यासारखी वाटते. या पडव्या ओलांडून मधल्या भागात गेलात की हिशेब उलटा होतो. तिथे चौकोनी खांबांची दाटी, उभट कमानी, आणि प्रत्येक चौकावर एक लहान घुमट. असे त्रेसष्ट लहान घुमट, चार कोपऱ्यांवर चार जरा मोठे, आणि पश्चिमेच्या भिंतीपुढे मधोमध एक थोरला, चौरस चौथऱ्यावर उचलून धरलेला. पुस्तकागणिक हे आकडे थोडे मागेपुढे होतात. कोण कशाला घुमट म्हणतो त्यावर ते आहे. भिंती आणि खांब दगडगोट्यांचे, चुन्यात बांधलेले, वरून गिलावा. नक्षी जवळजवळ नाहीच. सगळी करामत वळणांची.

वाटाडे सांगतात की ही स्पेनमधल्या कॉर्डोव्ह्याच्या मशिदीची नक्कल. पर्यटनाच्या पत्रकांतही ते छापलेलं असतं. मला हे वाक्य ऐकलं की अंगाची आग होते. कॉर्डोव्ह्याला चांगलं ऐसपैस अंगण आहे, त्यात संत्र्याची झाडं आहेत. तिथलं छप्पर लाकडी, त्याखाली सडपातळ गोल खांब आणि त्यांच्यावर एकावर एक अशा दुहेरी कमानी. गुलबर्ग्यात यातलं एकही नाही. खांब पुष्कळ आहेत, एवढंच काय ते साम्य. तेवढ्यावर नातं जोडायचं तर मदुरेच्या मंडपाशीही जोडता येईल. आपल्याकडच्या चांगल्या वस्तूला परदेशातला मामा दाखवल्याशिवाय आपलं समाधान होत नाही.

खरा परदेशी धागा आहे तो एका माणसाचा. मशिदीच्या शिलालेखात हिजरी ७६९, म्हणजे १३६७ च्या सुमाराची तारीख आहे आणि नाव आहे रफी, बाप शम्स, आजा मन्सूर, गाव कझवीन. या माणसाबद्दल मिळतं ते एवढंच. तो कधी आला, दाभोळला उतरला की चौलला, मेला कुठे, कबर कोणती, काही नाही. पुस्तकं त्याला बिनदिक्कत स्थपती म्हणतात. शिलालेखात नाव असलेला माणूस बांधणारा असतो तसा बांधवून घेणारा, पैसा किंवा देखरेख करणाराही असू शकतो. तरी मला तो गवंड्यांच्या जातीचा वाटतो. सुलतानाच्या किल्ल्यात सुलतानाच्या मशिदीवर बाप-आज्यासकट नाव कोरून घेण्याची मुभा दरबारातल्या दुय्यम अधिकाऱ्याला कशी मिळेल? इमारतीशी हाताचं नातं असलेल्याला मिळू शकते. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

कझवीन हे इराणच्या उत्तरेकडचं गाव, विटांच्या मुलखातलं. तिथल्या जामी मशिदीचा घुमट बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा, सेल्जुक अमलातला, अख्खा विटांचा. इराणी गवंडी लाकडाचा सांगाडा न लावता विटांचे घुमट आणि कमानी उभारतात. लाकूड तिथे महाग, आणि चटकन आवळणाऱ्या जिप्समच्या लगद्यावर वीट चिकटून राहते, तोवर पुढची बसते. डोळ्यांना आणि हातांना वळणाची अशी सवय झालेला माणूस समुद्र ओलांडून दख्खनच्या काळ्या दगडात आला. गुलबर्गा नेमकं दोन दगडांच्या वेशीजवळ आहे. उत्तरेकडे आमचा सोलापुरी काळा पाषाण, दक्षिणेला काही कोसांवर शहाबादचा चुनखडी दगड, ज्याची फरशी आमच्या अर्ध्या जिल्ह्याच्या घरांत आहे. चुन्याला तोटा नाही. विटेने जे साधायचं ते रफीने, किंवा त्याच्याबरोबरच्या माणसांनी, दगडगोटे आणि चुना यांच्याकडून करून घेतलं.

असे परदेशी पुढे दख्खनेत शेकड्यांनी आले आणि दरबारात स्थानिकांशी त्यांची कायमची जुंपली. न आलेल्या एकाची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. कवी हाफिजला बहमनी दरबारातून आमंत्रण गेलं, वाटखर्च गेला, तो शिराजहून होर्मुझपर्यंत पोचला, जहाजावर चढला, वादळ सुटलं आणि बुवा घाबरून उतरले. सुलतानाला एक गझल पाठवून मोकळे झाले. फिरिश्ता ही हकिकत रंगवून सांगतो. मला नेहमी वाटतं, गझल लिहिणाऱ्याला परत फिरणं परवडतं. गवंड्याला कामाच्या जागी जावंच लागतं.

आता भांडणाकडे येतो. २०११ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने दख्खनी दरबारांच्या कलेवर एक जाडजूड लेखसंग्रह काढला. त्यात हेलन फिलॉन या विदुषीचा निबंध आहे आणि त्याचा दावा शीर्षकातच आहे: गुलबर्ग्याची थोरली मशीद ही मुळात मशीद नव्हेच, ती फिरोजशाह बहमनीचा 'हजार सुतून', म्हणजे हजार खांबी दरबारमहाल होय. फिरोजशाहची कारकीर्द १३९७ ते १४२२. म्हणजे रफीचा १३६७ चा शिलालेख या इमारतीचा उरतच नाही. दिल्लीच्या सुलतानांचे हजार सुतून प्रसिद्ध होते. मुहम्मद तुघलकाच्या लाकडी खांबांच्या दरबाराचं वर्णन इब्न बतूताने केलं आहे. तसा दरबार गुलबर्ग्यालाही हवाच.

हा निबंध वाचल्यावर पहिल्यांदा राग आला. मग पुन्हा किल्ल्यात गेलो आणि फिलॉनबाईंच्या बाजूने इमारत पाहायला लागलो, तेव्हा गंमत कळली. पश्चिमेची सलग भिंत आणि तिच्यापुढचा थोरला घुमट हा मशिदीचा बिनतोड पुरावा मानला जातो. पण सिंहासन मांडून राजाला पूर्वेकडे तोंड करून बसवायचं ठरवलं, तर त्याच्या पाठीशी हीच भिंत आणि डोक्यावर हाच घुमट हवा! नमाजाच्या ओळी लांबच लांब लागतात. त्यांना मधे खांब नको असतात. इथे मात्र खांबांची गर्दी मधोमध आणि मोकळ्या रुंद पडव्या कडेला. सरदार, वकील, हुजरे यांनी ताटकळत उभं राहायचं तर त्या पडव्यांसारखी जागा नाही. शिवाय तेलंगणच्या राजाने पहिल्या मुहम्मदशाहला पाठवलेलं, फिरोजी मिन्याचं ते प्रसिद्ध 'तख्त-ए-फिरोझा' कुठेतरी ठेवलेलं असणारच. शिलालेखाचं म्हणाल, तर तो दगड आहे. दगड उचलून दुसरीकडे बसवता येतो.

इमारतीचा वापर बदलतो, यात तर नवल काहीच नाही. विजापुरात इंग्रजांनी एका मशिदीत डाक बंगला आणि दुसरीत टपाल कचेरी थाटली होती. लॉर्ड कर्झनने ती बिऱ्हाडं तिथून हलवली. मशिदीचं विश्रामगृह होतं, तर दरबाराची मशीद का होऊ नये?

इतकं होऊनही मी शेवटी मशिदीच्याच पक्षात आहे, आणि त्याचं कारण छप्पर. फिलॉनबाईंच्या दाव्याचा सगळा जोर 'अशी झाकलेली मशीद असत नाही' यावर येऊन टेकतो. पण दिल्लीत, चौदाव्या शतकाच्या याच उत्तरार्धात, फिरोज तुघलकाचा वजीर जुनानशाह खिडकी मशीद बांधत होता. तिथे अंगण जवळजवळ सगळं झाकून फक्त चार चौक उघडे ठेवले आहेत, वर लहान घुमटांचे पुंजके, आणि बांधणी तीच, दगडगोटे आणि गिलावा. निजामुद्दीनजवळच्या कलान मशिदीचीही तीच तऱ्हा. म्हणजे अंगण आक्रसत नेण्याचा नाद त्या काळात होताच. दिल्लीने चार चौक उघडे ठेवले, गुलबर्ग्याने एकही ठेवला नाही, एवढाच फरक. दख्खनवाले दिल्लीशी भांडून वेगळे झाले होते, पण त्यांची एक नजर कायम दिल्लीकडे असायची, हे विसरून चालत नाही.

दुसरं टोक बंगालमध्ये आहे. मालद्याजवळ पांडुआची अदिना मशीद याच सुमाराची, १३७० च्या दशकातली. पाचशे फुटांहून लांब, खाली दगड आणि वर अस्सल बंगाली वीट, मधे प्रचंड अंगण आणि भोवतीच्या ओवऱ्यांवर साडेतीनशेहून अधिक लहान घुमट. त्यांतले बहुतेक आज कोसळले आहेत. गुलबर्ग्याचे त्रेसष्ट जागच्या जागी आहेत. बंगालची दलदल, भूकंप, पाऊस हे सगळं हिशेबात धरूनही मला वाटतं, श्रेय त्या ठेंगण्या पडव्यांना द्यायला हवं. घुमट नुसता खाली दाबत नाही, बाहेरही रेटतो. मधल्या सगळ्या घुमटांचा रेटा अंगावर घ्यायला तिन्ही बाजूंना रुंद बुडाच्या, जमिनीशी घट्ट कमानी बसवल्या आहेत. चौथ्या बाजूला जाड भिंत. अदिनाच्या ओवऱ्यांची आतली बाजू अंगणाकडे उघडी. तिथे रेटा घ्यायला कोणी नाही. अंगण नसणं ही इथे धार्मिक बाब नसून छपराची गरज असेल, तर मशीद की दरबार या वादातलं अर्धं वारंच निघून जातं. स्थापत्याच्या कोणा अभ्यासकाने हे गणित कागदावर मांडावं अशी माझी फार इच्छा आहे.

वळणाची ही विद्या दख्खनेत मुरली. तीनशे वर्षांनी, १६५६ च्या आसपास, विजापुरात गोलघुमट उभा राहिला तेव्हा आतून सुमारे १२४ फूट व्यासाचा तो घुमट चुन्यात बसवलेल्या विटांचा केला गेला, काळ्या दगडाच्या भिंतींवर. कझवीनची वीट अखेर आमच्या बाजूला पोचली, असं म्हणायचा मोह होतो.

कलबुर्गीला गेलात तर किल्ला पाहून लगेच दर्ग्याकडे वळू नका. शाहबाजारची मशीद आधी गाठा. ती जुन्या गावात आहे आणि फारसं कोणी तिकडे फिरकत नाही. तीही बहमनी अमलाच्या सुरुवातीच्या काळातली. तिला रीतसर अंगण आहे, पुढे नमाजाचं दालन आहे, आणि दरवाजा म्हणून एक आख्खी घुमटाची खोली उभी केली आहे, एखाद्या सुलतानाची कबर असावी तशी. गावाची जुम्म्याची नमाज इथे होत असणार आणि किल्ल्यातली झाकलेली मशीद दरबारच्या माणसांसाठी असणार, असं माझं मत झालं ते इथे उभं राहून. तसं असेल तर फिलॉनबाई निम्म्या बरोबर आहेत: लोकांची मशीद ती नव्हेच. त्यांचा निबंध मिळवून वाचा आणि एकाच दिवशी दोन्ही इमारती पाहा. संध्याकाळची सोलापूरकडची गाडी सोयीची आहे, फक्त दुधनीला थांबते का ते आधी विचारून घ्या.