एक साथ, दोन सामोआ

साथीच्या काळात शेजारच्या सरकारांची तुलना करणे वाटते तितके सोपे नसते. लोकसंख्या वेगळी, हवामान वेगळे, तिजोरी वेगळी. त्यामुळे आकडे मांडून एकाला शाबासकी व दुसऱ्याला दोष देणे मला घाईचे वाटते. परंतु इतिहासात एक उदाहरण असे आहे की, तेथे या सबबी बहुतेक गळून पडतात.

पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटे १८९९ मध्ये जर्मनी व अमेरिका यांनी वाटून घेतली. माणसे एकाच वंशाची, भाषा एक, सोयरीक दोन्हीकडे. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच पश्चिमेचा जर्मन भाग न्यूझीलंडच्या लष्कराने ताब्यात घेतला. पूर्वेकडे अमेरिकी आरमाराचा कारभार चालूच होता.

७ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘टालून’ नावाची आगबोट ऑकलंडहून पश्चिमेच्या अपिया बंदरात आली. ऑकलंडमध्ये इन्फ्लुएंझा पसरला होता व बोटीवर आजारी माणसे होती. वाटेत फिजीमध्ये उतारूंवर निर्बंध घातले गेले होते. अपियात मात्र कोणी हटकले नाही. पुढील काही आठवड्यांत पश्चिम सामोआत सुमारे ८,५०० माणसे दगावली, म्हणजे दर पाचांमागे एकाहून अधिक! मताई, म्हणजे कुटुंबप्रमुख, मोठ्या संख्येने गेल्यामुळे गावगाडाच मोडला.

अपियापासून पागो पागो शंभर-सव्वाशे किलोमीटर. तेथील गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बिनतारी बातम्यांवरून धोका ओळखला आणि बंदर बंद केले. अमेरिकी सामोआत या साथीने एकही बळी घेतला नाही. पॉयर यांच्याजवळ औषध नव्हते. तसे ते तेव्हा जगात कोणाजवळच नव्हते. त्यांच्याजवळ होती ती वेळेवर मिळालेली बातमी, आणि किनाऱ्यावर पहारा देणारे गावकरी. मला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. आपल्याकडे १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडसाहेबांनी गोरे सोजिर घरांत घुसवले. कडकपणा तेथेही होता, पण लोक सरकारच्या विरुद्ध उभे राहिले. टुटुइला बेटावर पहारा लोकांचाच होता.

पॉयर यांनी पश्चिमेला मदत देऊ केली होती. तेथील प्रशासक कर्नल रॉबर्ट लोगन यांनी ती स्वीकारली नाही. साथ येणे हा एक वेळ दुर्दैवाचा भाग मानता येईल; पण माणसे मरत असताना शेजाऱ्याचा पुढे आलेला हात नाकारणे याला दुर्दैव कसे म्हणावे?

१९१९ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने प्रशासनावर ठपका ठेवला. सामोअन लोकांच्या मनातील राग मात्र विझला नाही. पुढे न्यूझीलंडच्या सत्तेविरुद्ध ‘माऊ’ ही अहिंसक चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हेही एक दुःख होते. १९६२ मध्ये पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी अपियात जाऊन माफी मागितली ती २००२ मध्ये, ‘टालून’ धक्क्याला लागल्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी.